हिलाल पाटकऱ्याचा हात

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते सांगणाऱ्याला नीट आठवत नाही. खरं म्हणजे आणखीही एक गोष्ट त्याला नीट आठवत नाही. आधी पाटाचं पाणी थांबलं आणि मग हिलाल बोलला, की आधी हिलाल बोलला? लहानपणी त्याने ही गोष्ट दोन्ही तऱ्हांनी ऐकली असावी, निदान त्याला तसं वाटतं. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. बिघडत नसेलही. पण सांगणाऱ्याच्या मनात ती खुटखुट राहून गेली आहे. तेव्हा बहुतेक लोक जशी सांगतात, तशीच इथे सांगितली आहे. ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तामसोळे नावाचं गाव होतं. गावाला नदी होती आणि नदीवर दगडी बंधारा होता. बंधारा कोणी बांधला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवींनी बांधला, असं म्हणतात. बंधाऱ्याच्या टोकाशी साती आसरांचं ठाणं होतं, शेंदूर लावलेले सात दगड. तिथूनच पाट निघायचा. माणसाच्या कमरेइतका खोल, दोन्ही बाजूंना मातीचा भराव, आणि पार शेवटच्या शेतापर्यंत तीन कोस लांब.

या पाटाखाली गावाची सगळी जमीन चार मोठ्या फडांत वाटलेली होती. प्रत्येक फडात प्रत्येक घराचा तुकडा. एका फडात एकच पीक. गहू तर सगळ्यांचा गहू, ऊस तर सगळ्यांचा ऊस. पाणी पाळीने मिळायचं, आणि पाळी ठरवायचा, दारं उघडायचा, बंद करायचा तो पाटकरी.

हिलाल हा तामसोळ्याचा पाटकरी.

त्याचे बाप-आजे पाटकरीच होते, पण हिलालसारखा पाटकरी पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. तो भरावावर आडवा व्हायचा, मातीला कान लावायचा, डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "वरच्या अंगाला, तीनशे पावलांवर, हिवराच्या मुळाशी उंदरानं बीळ केलंय." माणसं धावत जायची. तीनशे पावलं, हिवराचं झाड, बीळ. तीनशे दहा नाही आणि दोनशे नव्वद नाही. पाण्याच्या आवाजावरून तो सांगायचा की उद्या नदी किती बोटं चढेल. पाण्यात कोणी बैल धुतला तर त्या बैलाचा रंगही सांगायचा, असं म्हणतात. पण हे जरा जास्तच झालं.

असा माणूस गावात असला की गाव त्याला पाण्यापुरता ठेवत नाही. हळूहळू सगळंच हिलालकडे यायला लागलं. कोंबडी कोणाची, बांध कोणी सरकवला, सोयरीक करावी की नाही. हिलाल ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि सांगायचा. सांगितलेलं खरं निघायचं. निघालं नाही तरी हिलालने सांगितलंय म्हटल्यावर लोक ते खरं करून घ्यायचे. असं वर्षानुवर्षं चाललं आणि हिलालमध्ये एक बदल झाला, तो कोणाच्या लक्षात आला नाही, त्याच्याही नाही. आधी तो ऐकून सांगायचा. पुढे पुढे सांगून मग ऐकायला लागला.

त्याच गावात तापी नावाची बाई होती. नवरा गाडीवान. घाटापलीकडे माल घेऊन गेला तो दोन वर्षं परतलाच नव्हता. तापी एकटी जमीन कसायची. हाडापेराने धट्टीकट्टी, कामाला वाघीण आणि तोंडाला त्याहून. एकदा पाळीवरून बोलाचाली झाली तेव्हा भर पाणवठ्यावर ती म्हणाली होती, "आपल्या पाटकरीआबांचा कान सुपाएवढा, पण डोळा मोहरीएवढा!" बायका पोट धरून हसल्या. संध्याकाळपर्यंत सगळं गाव हसलं. हिलालही हसला. पण तो घरी गेला तेव्हा ते वाक्य त्याच्याबरोबर घरी गेलं, आणि पुढेही राहिलं.

मग एक साल असं आलं की पाऊस कमी पडला. बंधाऱ्याला पाणी जेमतेम. पौष महिना, गहू निसवलेला, दाणा भरायचं शेवटचं पाणी. ते मिळालं तर पीक, नाही तर पेंढा. पाळी सर्वांत शेवटच्या तुकड्यांची होती. हिलालने सगळी दारं बंद करून पाणी सरळ शेवटाला सोडलं. पण शेवटची माणसं सकाळी निरोप घेऊन आली, "आबा, पाणी येईना. नुसती ओल येतेय."

हिलाल भरावावरून चालत निघाला. ऊन नुकतं वर आलं होतं. गव्हावर दव होतं. निम्म्या वाटेवर तापीचा तुकडा लागला आणि हिलाल थांबला. तापीच्या वाफ्यात घोटाभर पाणी उभं होतं, आणि भरावाशी तापी गुडघ्यांवर बसलेली होती. कोपरापर्यंत दोन्ही हात चिखलाने भरलेले. शेजारी कुदळ. पदर फाटलेला.

तिने वर पाहिलं. "आबा, बरं झालं आलात. भोक पडलंय मोठं. बुजवतेय कधीची."

हिलालने वाफा पाहिला, कुदळ पाहिली, चिखलाचे हात पाहिले. एरवी त्याने काय केलं असतं? खाली आडवा झाला असता, मातीला कान लावला असता. त्या सकाळी त्याने कान लावलाच नाही, असं म्हणतात. लावायची गरजच त्याला वाटली नाही.

"पाणी फोडलंस," तो म्हणाला.

"मी?" तापी उठून उभी राहिली. "आबा, मी फोडलं असतं तर तुम्ही येईपर्यंत बसले असते का इथं? हात घालून बघा. आत खेकड्याचं बीळ आहे."

"आसरांच्या ठाण्यावर ये," हिलाल म्हणाला, आणि परत फिरला.

दुपारी ठाण्यावर पंच बसले. दौलत पाटील मधोमध. सगळं गाव गोळा झालेलं. कोरड्या वर्षातला माणूस लवकर चिडतो, आणि पाणी चोरणाऱ्यावर तर चिडतोच चिडतो.

"तापी," पाटील म्हणाले, "पाणी कोणाच्या पाळीचं होतं?"

"शेवटच्या लोकांच्या."

"आणि भिजलं कोणाचं?"

"माझं."

"मग?"

"मग काय पाटील? वाफ्याला पाय असते तर पळून गेला असता बाजूला."

काही जण हसले. पण ते हसणं तिच्या बाजूचं नव्हतं. चिंधू म्हणून एक होता, त्याचा तुकडा शेवटच्यांत. तो ओरडला, "आणि पदर कुठं फाडलास वं? पाणी फोडताना काटे लागले का?"

तापीने फाटका पदर हातात धरला. "पदर पाटात आहे. नुसती माती राहीना भोकात, वाहून जायला लागली. म्हणून पदर फाडून गोळा कोंबला आणि वर माती दाबली. उकरून बघा. हिरवा आहे."

"ऐका हो! पाट आता लुगडं नेसायला लागला!"

आता मात्र सगळेच हसले. पाटलांनी हात वर केला आणि हिलालकडे वळले. "हिलालभाऊ, काय म्हणता? उकरून बघायचं का?"

उकरून बघायचं म्हणजे पाट बंद करावा लागणार, भराव फोडून पुन्हा बांधावा लागणार. एक दिवसाचं पाणी जाणार. शेवटच्यांचे चेहरे हिलालकडे लागले होते. पण खरं सांगायचं तर हिलालला ते चेहरे दिसत नव्हते. त्याला पाणवठ्यावर हसणाऱ्या बायका ऐकू येत होत्या.

"बघायचं काय त्यात?" तो म्हणाला. "माझे डोळे होते ना तिथं."

झालं. तामसोळ्याची रीत होती की पाणी चोरणाऱ्याची पाळी हंगामभर बंद, आणि पाटातून त्याच्या शेतात जाणाऱ्या चारीच्या तोंडाशी एक काळा धोंडा उभा करायचा. तो बंदीचा धोंडा. ज्याने उभा केला त्यानेच काढायचा. हिलालने आपल्या हाताने धोंडा उभा केला. तापी बांधावर उभी राहून बघत होती. धोंडा बसला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा, एकदा हात घातला असतात तर."

त्यानंतर तापी नदीवरून पाणी वाहायला लागली. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. दिवसातून चाळीस खेपा, असं म्हणतात. कोणी तिला अडवलं नाही आणि कोणी हातही लावला नाही. एवढ्या कष्टाने एका खाटेएवढ्या जागेतला गहू जगला. बाकीचा उभ्याने वाळला. चैत्रात तिने तो खाटभर गहू कापला, मळला, फाटक्या पदरात बांधला आणि गाव सोडून गेली. कुठे जाते ते सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी. पदराला भोक होतं. वाटेने एकेक दाणा गळत गेला, असं म्हणतात.

पावसाळा आला आणि गेला. या वर्षी पाऊस चांगला झाला. कार्तिकात पाट झाडायचा, हा गावाचा नेम. घरटी एक माणूस यायचा, गाळ काढायचा, भराव नीट करायचा. हिलाल पुढे, भरावातली बिळं शोधत. तापीच्या तुकड्याशी आला तेव्हा त्याला भरावाच्या आतल्या अंगाला एक बीळ दिसलं. साधंच. मूठभर रुंदीचं. बाकी लोक मागे होते. हिलाल वाकला आणि त्याने बिळात हात घातला.

हात कोपरापर्यंत गेला. आत बीळ वळलं होतं. आणखी पुढे गेला तसा खेकड्याने त्याची करंगळी धरली. अशी धरली की हिलालसारखा माणूस कळवळला. हात ओढला तर खेकडा सोडेना, आणि ओढता ओढता हाताबरोबर काहीतरी मऊ बाहेर आलं. चिखलाचा गोळा. त्याने तो पाटाच्या उरल्यासुरल्या पाण्यात धुतला. आत कापड होतं. घट्ट पिळून वळलेलं, मधे खडे भरलेले. धुतलं तसतसा रंग दिसायला लागला.

हिरवा.

हिलाल पाटात बसून राहिला. करंगळीतून रक्त येत होतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. चोरी करणारा माणूस भोक पाडतो, भोकात स्वतःचा पदर कोंबत नाही, ही गोष्ट एखाद्या पोरालाही कळली असती. तिचे हात चिखलाने भरले होते ते फोडून नव्हे, बुजवून. तोच चिखल, तेच हात. त्याने पाहिलं होतं सगळं आणि उलटं वाचलं होतं. आणि तिने बुजवलं म्हणून ज्यांना पाणी मिळालं ते शेवटचे लोक त्याच दिवशी तिच्यावर हसले होते.

मागून माणसांचे आवाज जवळ आले. हिलालने कापडाची घडी केली आणि पागोट्यात खोचली.

त्या दुपारी तो एकट्या दौलत पाटलांकडे गेला आणि घडी त्यांच्यापुढे ठेवली. पाटलांनी ती ओळखली.

"पुरून टाक," पाटील म्हणाले.

"पाटील, ती बाई..."

"ती गेली. आता काय परत येणार आहे? आणि तू जर उभा राहून म्हणालास की माझं चुकलं, तर उद्या दहा जण येतील. माझीही पाळी चुकली, माझाही बांध चुकला. कोणाच्या शब्दावर पाणी वाटायचं मग? मारामाऱ्या होतील पाटावर. एका बाईसाठी सगळं गाव बुडवू नकोस."

हिलालला ते पटलं. इथे थांबून सांगायला हवं की त्याला ते खरोखरच पटलं. लबाडी म्हणून नाही, कर्तव्य म्हणून. गप्प राहणं हेच आपलं काम आहे, त्यात आपल्याला त्रास होतोय म्हणजे ते योग्यच असलं पाहिजे, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस पहिली चूक बहुधा घाईत करतो. दुसरी मात्र नीट विचार करून करतो.

घडी त्याने पुरली नाही. पागोट्यातच ठेवली. पागोटं दिवसेंदिवस जड होत गेलं, मान वाकायला लागली, असं म्हणतात.

मार्गशीर्षात पाणी सोडायचा दिवस आला. आसरांना नारळ फुटला, हिलालने दार उघडलं, पाटात पाणी धावलं. पोरं पाण्याबरोबर काठाने धावत सुटली. आणि तापीच्या तुकड्याशी येऊन पाणी थांबलं.

काळा धोंडा तिथे अजून उभा होता. बंदीचा हंगाम संपला होता, पण जिची बंदी ती गावात नव्हती, म्हणून तो काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. धोंडा होता चारीच्या तोंडाशी, पाटात नव्हता. पाटात काहीच अडथळा नव्हता. तरी पाणी तिथवर आलं, धोंड्यासमोर गोल गोल फिरायला लागलं आणि पुढे एक पाऊल जाईना. मागून पाणी येत होतं, तिथे चढत होतं, पण भरावावरून सांडत नव्हतं आणि पुढे सरकत नव्हतं. असं म्हणतात.

सगळं गाव जमलं. "आबा, कान लावा!" लोक म्हणाले. हिलाल आडवा झाला, मातीला कान लावला. डोळे मिटले. सगळे श्वास धरून उभे. बराच वेळ झाला तरी हिलाल उठेना.

त्याला पाण्याचा आवाज येतच नव्हता. त्याऐवजी मातीच्या आत बांगड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी घाईघाईने चिखल दाबत असावं तसा.

हिलाल उठला. त्याने पागोटं काढलं, त्यातली घडी काढली आणि दोन्ही हातांनी उलगडून धरली.

"आबा, पाण्याचं बघा आधी," चिंधू म्हणाला. "चिंध्या काय दाखवताय?"

"चिंधी नाही, पदर आहे," हिलाल म्हणाला. "पाटात होता. तिनं सांगितलं होतं तिथंच. हिरवा. ती बुजवत होती आणि मी तिला चोर ठरवलं. माझं चुकलं. महिना झाला मला कळून. महिनाभर गप्प बसलो, तेही चुकलं."

दौलत पाटील जमिनीकडे बघत होते. हिलाल चारीच्या तोंडाशी गेला, धोंड्याला मिठी मारली आणि उपसायला लागला. धोंडा हलेना. एकट्यानेच उभा केलेला धोंडा एकट्याला हलेना. मग गर्दीतून चिंधू पुढे आला. त्याने पागोटं बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने हात घातला. मग शेवटच्या तुकड्यांची बाकीची माणसं आली. सगळ्यांत शेवटी पाटील आले.

धोंडा निघाला, आणि पाणी पुढे गेलं, असं म्हणतात.

हिलालने फावडं पाटलांच्या हातात दिलं. "तिला शोधून येतो," म्हणाला.

"कुठं शोधशील? दिशा तरी ठाऊक आहे का?"

दिशा ठाऊक नव्हती. पण गावाबाहेरच्या पायवाटेवर आल्यावर त्याला दिसलं, की वाटेच्या कडेने गव्हाची एक ओळ उगवली आहे. एक रोप, मग चार पावलांवर दुसरं, मग तिसरं. चैत्रात सांडलेला दाणा पावसात कुजतो, मार्गशीर्षापर्यंत थांबून राहत नाही, हे सांगणाऱ्यालाही कळतं. पण उगवला होता, असं म्हणतात. हिलाल त्या रोपांमागून चालत गेला. चार दिवस चालला. जिथे शेवटचं रोप होतं तिथे एक गुऱ्हाळ होतं, आणि गुऱ्हाळाच्या चुलाण्यात एक बाई उसाची चिपाडं सारत होती.

तिने मान वर केली. घाम पुसला. "कोण, पाटकरीआबा? इथं आता कोणाचं पाणी चोरलंय मी?"

हिलालने पदराचा तुकडा पुढे केला. तापीने तो घेतला, उजेडात धरला.

"रंग उडाला," ती म्हणाली.

"दहा महिने पाण्यात होता."

"टिकला मात्र. माझ्या आईनं दिलेलं लुगडं होतं." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे हात घातलात तर."

हिलालने उजवा हात पुढे केला. करंगळी वाकडी झाली होती, ती पुढे कधीच सरळ झाली नाही. तापी करंगळी पाहून हसली. मोकळी हसली.

"खेकड्याला लगेच कळलं हो आबा. तुम्हाला वर्ष लागलं."

हिलाल चुलाण्याशी खाली बसला. "चल परत. धोंडा काढला. सगळ्यांसमोर बोललो."

"धोंडा काढलात ते बरं केलंत." तिने आणखी चिपाडं आत सारली. "पण मी येत नाही. तिथं मी आता कोण होऊन राहू? आधी चोर होते. आता बिचारी होईन. मला दोन्ही नको."

"गाव तुझे पाय धरेल."

"हेच म्हणते मी. पाय धरणाऱ्यांत राहायचं अवघड असतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, चोर म्हणालात त्याचं मला एवढं नाही लागलं. चोर कोणीही कोणालाही म्हणतं. पण तुम्ही एरवी उंदरासाठी जमिनीवर लोळण घेता, माझ्यासाठी वाकला नाहीत. ते लागलं. मला वाटत होतं, आबांना सगळं ऐकू येतं, माझंही येईल. म्हणून मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं."

"मला त्या दिवशी ऐकू आलं," हिलाल म्हणाला. "पण ते तू पाणवठ्यावर बोलली होतीस ते."

तापीने हातातलं चिपाड खाली ठेवलं. म्हणाली, "मोहरीएवढा म्हणाले होते."

"बरोबरच म्हणाली होतीस."

यावर दोघंही हसले, असं म्हणतात. तिने त्याला ताज्या गुळाचा खडा आणि पाणी दिलं. निघताना तो म्हणाला, "काहीतरी माग. असा रिकामा पाठवू नकोस."

तापीने विचार केला. "माझ्या तुकड्याला पाणी द्या. तो काय कोणाचा चोर नाही. आणि यापुढं कोणाचा धोंडा उभा करायचा झाला, तर आधी हात घाला. कोपरापर्यंत. मग ठरवा."

हिलाल परत आला. त्याने पाटकरीपण सोडायची तयारी केली होती, पण गावाने सोडू दिलं नाही. पाटलांना भीती होती तसं झालंही. दहा जण उठले आणि म्हणाले, आमचाही निवाडा चुकला. हिलालने दहाही ऐकले. प्रत्येक ठिकाणी गेला, वाकला, हात घातला. दहांपैकी सात बरोबर निघाले, तीन चुकले होते. तीन त्याने सुधारले. मारामारी एकही झाली नाही. तापीचा तुकडा तो स्वतः कसायचा, आणि दरवर्षी चैत्रात तिथला गहू खांद्यावर घेऊन चार दिवस चालत जायचा. शेवटच्या वर्षी तो फार म्हातारा झाला होता. गेला तो परत आला नाही. वाटेत गव्हाची रोपं झाली ती त्याच्याच पोत्यातून, असं काही जण म्हणतात.

तामसोळ्यात अजूनही मार्गशीर्षात पाणी सोडतात त्या दिवशी सगळं गाव तापीच्या तुकड्याशी जमतं. तिथे भरावात एक बीळ मुद्दाम राखलेलं आहे. आधी पाटील, मग पंच, मग पाटकरी, आणि मग ज्याला वाटेल तो, त्या बिळात कोपरापर्यंत हात घालतो. लहान मुलं खेकड्याच्या भीतीने किंचाळतात आणि तरी घालतात. हात बाहेर काढला की म्हणायचं, "चुकत असेन तर थांबवा." पहिलं पाणी तापीच्या तुकड्याला. तो आता कोणाचाच नाही, सगळे मिळून पेरतात. तिथल्या गव्हाची खीर होते आणि ती शेवटच्या तुकड्यांच्या लोकांनी वाढायची असते. काळा धोंडा बाजूला आडवा पडलेला आहे. त्याला हिरव्या कापडाची पट्टी बांधतात. तो पुन्हा कधी उभा केलेला नाही. आणि गावात कोणी कोणावर आळ घेतला, मग ती चोरी असो की सासूचं हरवलेलं भांडं, तर ऐकणारा आधी एवढंच विचारतो, "हात घातलास का?"

गोष्ट इथे संपते. पण सुरुवातीला एका शंकेचा उल्लेख केला होता. आधी पाणी थांबलं की आधी हिलाल बोलला?

ही गोष्ट प्रथम ऐकल्यावर पन्नासएक वर्षांनी सांगणाऱ्याला तामसोळ्याच्या पाटलांच्या घरी एक जुना मोडी कागद पाहायला मिळाला. पंचांनी त्या वेळी केलेला महजर, म्हणजे साक्षीनिशी लिहिलेला निवाडा होता तो. शाई फिकी झाली होती, एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. वाचनात चूक नको म्हणून सांगणाऱ्याने तो तीनदा वाचला, आणि मग मोडी त्याच्यापेक्षा चांगली येणाऱ्या दुसऱ्या एकाकडूनही वाचून घेतला. दोघांचं वाचन जुळलं. पाणी अडल्याचं त्यात कुठेही नाही. त्यात लिहिलं आहे:

"पाट भरून चालत असता, कोणी न पुसता, हिलाल पाटकरी याणी आपले तोंडें सांगितले जे, माझी चूक जाहली."